व्याख्येतून इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या कामापुरतं इंग्रजी येतं, पण अग्रलेख, शोधनिबंध किंवा परीक्षेतला उतारा समोर आला की दर दोन-तीन ओळींमागे एखादा शब्द अडतो. अशा वाचकांसाठी हे पान आहे. शब्दांच्या याद्या घोकून जे साधत नाही ते डिक्शनरीतली व्याख्या नीट वाचून साधतं, असं माझं ठाम मत आहे, आणि खालची उत्तरं त्याच मताने लिहिली आहेत.

मराठी अर्थ पाठ केला तर पुरत नाही का?

ओळखीपुरता पुरतो. शब्द स्वतः वापरायला गेलं की अडचण येते.

'कन्डोन' हे क्रियापद घ्या. त्याचा मराठी अर्थ 'माफ करणे' असा सापडतो. तेवढ्यावर विसंबून एखादा माणूस उशीर झाल्याबद्दल मित्राला 'प्लीज कन्डोन मी' म्हणेल, आणि ते चुकेल. इंग्रजी व्याख्येचा आशय असा आहे: बहुतेकांना चुकीचं वाटणारं वागणं चालवून घेणं, त्यात वावगं काहीच नाही असं दाखवणं. म्हणजे कन्डोन करायचं ते वागणं, माणूस नव्हे. शिवाय चालवून घेणाऱ्यावरही त्यात ठपका येतो. म्हणून हा शब्द बहुतेक वेळा नकारासोबतच भेटतो: 'वी डू नॉट कन्डोन व्हायलन्स'. कायद्याच्या भाषेत मात्र 'कन्डोनेशन ऑफ डिले' म्हणजे सरळ विलंब माफी, तिथे ठपका नसतो. हे सगळं 'माफ करणे' एवढ्यात मावत नाही.

पण मराठी अर्थाला हात लावायचाच नाही, हा हट्टही चुकीचा. प्राणी, झाडं, हत्यारं, शरीराचे भाग यांना मराठी शब्दच बरा. 'ऑटर' म्हणजे पाणमांजर, एवढं कळलं की काम झालं. तिथे चार ओळींची व्याख्या वाचून काही जास्तीचं हाती लागत नाही. व्याख्येची खरी गरज लागते ती भाव, वृत्ती, विचार आणि कृती सांगणाऱ्या शब्दांना.

व्याख्या वाचायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

दोन गोष्टी: शब्द कोणत्या जातीचा आहे, आणि त्या जातीतल्या इतर शब्दांहून तो वेगळा कशामुळे ठरतो. व्याख्येची ही घडण ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली आहे आणि आजच्या डिक्शनऱ्याही बव्हंशी तीच वापरतात.

सोप्या शब्दांवर हे आधी करून बघा. 'ग्लान्स', 'स्टेअर', 'पीअर', 'गेझ', 'ग्लेअर' यांच्या व्याख्या एकापाठोपाठ उघडा. पाचही ठिकाणी जात एकच, 'टु लुक', म्हणजे बघणं. फरक पुढे पडतो. ग्लान्स म्हणजे ओझरतं बघणं. स्टेअर म्हणजे डोळे मोठे करून बराच वेळ बघणं. पीअर म्हणजे नीट दिसत नसताना निरखून बघणं. गेझ म्हणजे कौतुकाने किंवा विचारात गढून एकटक बघणं. ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं. जात एकदा कळली की लक्षात ठेवायला उरतो तो फक्त फरक, आणि ओझं निम्म्याने कमी होतं.

आता जरा वरच्या पातळीवरचे शब्द. 'मेटिक्युलस', 'स्क्रुप्युलस', 'फस्टिडियस' आणि 'पेडँटिक'. याद्यांमध्ये हे चारही 'काटेकोर' या एका शब्दाखाली कोंबलेले दिसतात. व्याख्या उघडल्या की ते एकमेकांपासून सुटे होतात. मेटिक्युलस माणूस बारीकसारीक तपशिलाकडे लक्ष देतो, आणि हे कौतुकाने म्हटलं जातं. स्क्रुप्युलसमध्ये काळजीपूर्वकपणासोबत प्रामाणिकपणाही येतो. हिशेब चोख ठेवणारा आणि एक पैसाही इकडचा तिकडे न करणारा. फस्टिडियसमध्ये नीटनेटकेपणाची, स्वच्छतेची जरा जास्तच आवड असते आणि अशा माणसाला खूश करणं कठीण जातं. पेडँटिक म्हणजे नियमांचा आणि क्षुल्लक बाबींचा नको इतका बाऊ करणारा. हा शब्द टीकेचाच. वरिष्ठांचं कौतुक करायला गेलात आणि पेडँटिक म्हणालात, तर प्रसंग ओढवेल.

डिक्शनरी कोणती वापरायची?

सुरुवातीला 'लर्नर्स डिक्शनरी' या प्रकारातली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच या कोशांची रचना केलेली असते. या प्रकाराचा पाया घालणाऱ्यांपैकी ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. आजची 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स' ही त्याचीच पुढची पिढी. १९७८ साली आलेल्या लाँगमनच्या कोशाने आणखी एक मोठी सोय केली: सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच लिहायच्या, असं बंधन स्वतःवर घालून घेतलं. १९८७ सालच्या कोबिल्डने व्याख्या पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. 'एखाद्याने अमुक केलं, तर...' अशा धर्तीची ती वाक्यं असतात, त्यामुळे शब्दाचा कर्ता कोण, कर्म काय हे व्याख्येतच दिसतं. मला स्वतःला क्रियापदांसाठी कोबिल्डची पद्धत सर्वांत उजवी वाटते.

मेरियम-वेबस्टरसारखे मातृभाषकांसाठीचे कोश नंतर हाताळावेत. ते कमी शब्दांत नेमकं सांगतात, पण व्याख्येतले शब्द मूळ शब्दाइतकेच अवघड असू शकतात.

या सगळ्यांच्या ऑनलाइन आवृत्त्या मोफत बघता येतात.

व्याख्येतलाच एखादा शब्द अडला तर?

एक पायरी खाली उतरा, त्याचा अर्थ बघा आणि परत वर या. दोनपेक्षा जास्त पायऱ्या उतराव्या लागत असतील तर ती डिक्शनरी सध्या तुमच्यासाठी जड आहे. लर्नर्स डिक्शनरीकडे वळा.

एका शब्दाला सात-आठ अर्थ दिलेले असतात. पहिला घ्यायचा का?

डोळे झाकून नको. क्रम लावण्याची पद्धत प्रत्येक कोशाची वेगळी असते. लर्नर्स कोश सर्वाधिक वापरला जाणारा अर्थ आधी देतात. मेरियम-वेबस्टर आणि मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी ऐतिहासिक क्रम पाळतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी. तो अर्थ आज क्वचितच वापरला जात असला तरीही.

तुम्ही ज्या वाक्यात अडलात ते वाक्य हातात धरून सगळे अर्थ वाचा आणि त्यात बसणारा निवडा. 'अ क्वालिफाइड सक्सेस' असं वाचलं आणि क्वालिफाइड म्हणजे 'पात्रताधारक' एवढंच माहीत असेल, तर वाक्य उलटंच समजेल. इथे त्याचा अर्थ 'मर्यादित, अटी-शर्तींसह' असा आहे. म्हणजे यश मिळालं खरं, पण पुरतं नाही. 'सँक्शन' तर दोन टोकांचे अर्थ बाळगून आहे: मंजुरी देणं आणि निर्बंध घालणं. निधी सँक्शन होतो तेव्हा पैसे मिळतात, देशावर सँक्शन्स लागतात तेव्हा व्यापार थांबतो.

व्याख्येआधी तिरप्या अक्षरांत छोट्या खुणा असतात, त्या वाचायच्या का?

अगदी आवर्जून. बहुतेक जण त्या ओलांडून थेट अर्थावर जातात आणि तिथेच नुकसान होतं. 'फॉर्मल' लिहिलंय की 'इन्फॉर्मल', 'अप्रूव्हिंग' की 'डिसअप्रूव्हिंग', 'लिटररी' की 'ओल्ड-फॅशन्ड', यावरून शब्द कुठे शोभेल ते कळतं. नामापुढे ते मोजता येतं की नाही हे दिलेलं असतं. 'एव्हिडन्स', 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर' ही न मोजता येणारी नामं आहेत, म्हणून 'एव्हिडन्सेस', 'ॲडव्हायसेस' असं अनेकवचन करायचं नाही. मराठीत आपण पुरावे गोळा करतो आणि सल्ले देतो, त्यामुळे हा घोटाळा आपल्याकडून हमखास होतो. क्रियापद सकर्मक की अकर्मक हेही तिथेच लिहिलेलं असतं. 'डिस्कस' सकर्मक आहे, त्यामुळे 'डिस्कस अबाउट' चुकीचं.

स्वतः व्याख्या लिहून बघण्याचा काही उपयोग होतो का?

या पानावरचा एकच सल्ला पाळायचा ठरवलात तर हा पाळा.

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितले आहेत: अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. व्याख्येत नको त्या गोष्टीही शिरल्या तर अतिव्याप्ती. हव्या त्यातल्या काही बाहेर राहिल्या तर अव्याप्ती. आणि व्याख्या त्या वस्तूला मुळी लागूच पडत नसेल तर असंभव. इंग्रजी शब्द शिकताना ही कसोटी फार कामाची आहे.

'नोस्टॅल्जिया' घ्या. डिक्शनरी मिटा आणि आपल्या शब्दांत व्याख्या लिहा. पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: 'जुन्या गोष्टींची आठवण'. तपासा. अपघाताची आठवणही जुन्या गोष्टीचीच आठवण, पण तिला कुणी नोस्टॅल्जिया म्हणणार नाही. ही अतिव्याप्ती. मग आवळून लिहिता: 'बालपणीच्या दिवसांची गोड आठवण'. पण कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या दिवसांबद्दलही नोस्टॅल्जिया वाटतो, ते दिवस बाहेर राहिले. ही अव्याप्ती. तिसऱ्यांदा लिहिता: 'मागे पडलेल्या सुखाच्या काळाबद्दल वाटणारी ओढ, जिच्यात आनंद आणि हुरहूर दोन्ही असतात'. आता डिक्शनरी उघडून ताडून बघा. बरीच जवळ आलेली असेल, आणि हा शब्द तुम्ही पुन्हा विसरणार नाही.

असंभवाचं उदाहरण म्हणजे 'इन्फ्लेमेबल'. सुरुवातीचा 'इन' बघून कुणी त्याची व्याख्या 'पेट न घेणारा' अशी केली तर ती एकाही इन्फ्लेमेबल वस्तूला लागू पडणार नाही, कारण त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा असा आहे. ज्वालाग्राही पदार्थाच्या डब्यावरचा हा शब्द चुकीचा वाचणं जिवावर बेतू शकतं.

व्याख्या मराठीत लिहिली तरी चालते. पुढे जमेल तशी इंग्रजीत लिहा.

लॅटिन-ग्रीक मूळ धातू पाठ केले तर हजारो शब्द आपोआप येतात, हे खरं का?

अर्धं खरं. 'स्पेक' या लॅटिन धातूचा अर्थ बघणं. त्यावरून 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत डोकावून तपासणं, 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून बघणं, 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे पाऊल टाकण्याआधी चौफेर नजर फिरवणारा, म्हणजेच सावध. धातू आणि अर्थ यांचं नातं इतकं स्वच्छ दिसतं तिथे तो शब्द पक्का बसतो. संस्कृतातले उपसर्ग आणि धातू शाळेत शिकलेल्यांना ही रीत परकी वाटणार नाही. आहार, विहार, प्रहार, संहार यांचा धातू एकच आहे.

पण शब्दांचे अर्थ काळाच्या ओघात सरकतात. 'मॅन्युफॅक्चर'चा मूळ अर्थ हाताने बनवणं, आज ते यंत्रांनी होतं. 'नाइस' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत 'मूर्ख' या अर्थाने वापरला जाई. म्हणून धातूवरून अंदाज करा, अर्थ व्याख्येवरून ठरवा. अर्थ कळल्यानंतर तो स्मरणात राहावा यासाठी व्युत्पत्ती बघणं हा तिचा सर्वांत चांगला उपयोग.

एकूण किती शब्द यायला हवेत?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे २० खंड आहेत आणि त्यांत २ लाख ९० हजारांहून अधिक नोंदी आहेत. हा आकडा बघून दडपून जाऊ नका. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडलेला हिशेब दिलासा देणारा आहे: कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द समजायला ८ ते ९ हजार शब्दकुलं पुरतात. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह' हे एकाच कुळातले. ९८ टक्के समजणं म्हणजे पन्नास शब्दांत एक अडणं, आणि तेवढा एक शब्द संदर्भावरून सुटतो.

सुरुवात कोणत्या शब्दांपासून करावी?

तुम्ही जे वाचता त्यात वारंवार भेटणाऱ्या शब्दांपासून. उच्च शिक्षणासाठी वाचत असाल तर एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' बघा. तिच्यात ५७० शब्दकुलं आहेत आणि शैक्षणिक लेखनातले जवळपास १० टक्के शब्द त्यांतलेच असतात. दुर्मीळ, भारदस्त शब्दांच्या मागे लागण्याआधी ही ५७० पक्की करणं कितीतरी फायद्याचं.

रोज किती शब्द करावेत?

पाच पुरेत, पण व्याख्या, खुणा, दोन उदाहरणं आणि स्वतःचं एक वाक्य यांसकट. रोज पन्नास करण्याचा संकल्प आठवडाभरही टिकत नाही.

केलेले शब्द विसरतो. काय करू?

विसरणं स्वाभाविक आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. सुरुवातीला गळती जोरात होते, मग हळूहळू कमी होते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, पुढच्या उजळण्या अंतर वाढवत नेल्या तरी चालतात. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी यासाठी खणांची पेटी सुचवली: कार्डावरचा शब्द आठवला तर कार्ड पुढच्या खणात, चुकला तर पुन्हा पहिल्या खणात. पुढचे खण कमी वेळा उघडायचे. अँकीसारखी ॲप हेच काम आपोआप करतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, असा समज असेल तर तो सोडा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र मजकूर न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तेव्हा व्याख्या झाका, शब्दावरून ती आठवा. दुसऱ्या दिवशी उलट करा: व्याख्या वाचा आणि शब्द आठवा. दुसरं जास्त अवघड आहे आणि बोलताना-लिहिताना तेच उपयोगी पडतं.

वाचताना अर्थ कळतो, पण बोलताना शब्द सुचत नाही. असं का?

कारण शब्द एकटा साठवलेला असतो. इंग्रजीत तो कुणाच्या सोबतीने येतो, हे माहीत नसतं. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग'. 'स्ट्राँग रेन' व्याकरणाने चुकीचं नाही, पण तसं कुणी म्हणत नाही. शब्दांच्या सोबतीला सूक्ष्म रंगही असतो. 'कॉज' या क्रियापदापुढे बहुतेक वेळा नुकसान, त्रास, विलंब, आजार अशाच गोष्टी येतात. कोबिल्डचे संपादक जॉन सिंक्लेअर यांनी दाखवून दिलं की 'सेट इन' चे कर्तेही बहुधा नकोशा गोष्टी असतात, सडणं किंवा निराशा यांसारख्या. व्याख्येत हे क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून व्याख्येखालची उदाहरणं वगळू नका. त्यातला दोन-तीन शब्दांचा तुकडाच्या तुकडा पाठ करा: 'कमिट अ क्राइम', 'रीच अ कन्सेन्सस', 'ड्रॉ अ डिस्टिंक्शन'.

थिसॉरस वापरावा का?

थिसॉरस म्हणजे अर्थाने जवळच्या शब्दांचा कोश. विसरलेला शब्द शोधायला जरूर. पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा १८५२ सालचा थिसॉरस शब्दांची मांडणी कल्पनांनुसार करतो, ज्याला काय म्हणायचंय ते माहीत आहे पण शब्द सुचत नाही त्याच्या सोयीसाठी. मात्र त्यातून उचललेला प्रत्येक शब्द वापरण्याआधी त्याची व्याख्या उघडा. 'फेमस'च्या शेजारी 'नोटोरियस' सापडेल, आणि तो म्हणजे कुप्रसिद्ध.

उच्चाराचं काय?

व्याख्या बघतानाच स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवा आणि ऐका. 'एपिटमी' आणि 'हायपर्बली' हे शब्द नुसते वाचून शिकलेले लोक 'एपिटोम' आणि 'हायपरबोल' म्हणतात, आणि समोरचा बोलला तर ओळखतही नाहीत.

जीआरई, आयेल्ट्स या परदेशी शिक्षणासाठीच्या परीक्षांसाठी याद्या पाठ कराव्यात की व्याख्या?

जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजीचे, म्हणजे शब्दजोड्यांतलं नातं ओळखण्याचे, प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये गेले. आता शब्द वाक्याच्या संदर्भात विचारला जातो. सहा पर्यायांतून दोन असे निवडायचे की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा व्हावा, अशा प्रश्नांत वाक्यात न बसणारी समानार्थी जोडी मुद्दाम ठेवलेली असू शकते. यादीवर विसंबणारा तिथे नेमका फसतो. आयेल्ट्सच्या लेखन आणि संभाषण चाचण्यांत शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन आहे, आणि त्यात नेमकेपणा बघितला जातो. ओढूनताणून आणलेला अवघड शब्द गुण वाढवत नाही.

वहीत नोंद कशी करावी?

एक नमुना देतो. शब्द: रेटिसंट. विशेषण, फॉर्मल. जात: माणसाची वृत्ती. फरक: मनातलं, विशेषतः स्वतःबद्दलचं, सांगायला नाखूश. पुढे येणारा शब्द: 'अबाउट'. उदाहरण: 'शी वॉज रेटिसंट अबाउट हर पास्ट'. शेजारचा शब्द: 'रिलक्टंट', म्हणजे कोणतीही गोष्ट करायला नाखूश, रेटिसंट मूळचा फक्त बोलण्यापुरता, जरी अलीकडे काही जण तो रिलक्टंटच्या अर्थाने वापरताना दिसतात. मराठी: स्वतःबद्दल फारसं न बोलणारा, 'लाजाळू' नव्हे. खाली स्वतःचं वाक्य, खऱ्या ओळखीच्या माणसाबद्दलचं.

नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या सोडा. तोच शब्द पुन्हा कुठे वाचनात आला की ते वाक्य तिथे उतरवून ठेवता येतं.